बिनपाण्याच्या लाटा

चाळिशी उलटलेला मराठी पुरुष अमेरिकेत एकतर मॅरेथॉन पळायला लागतो, नाहीतर ढोल-ताशा पथकात जातो. या दोन्ही शक्यतांना मी मनातल्या मनात मंजुरी देऊन ठेवली होती. ढोलासाठी गराजमध्ये कोपरासुद्धा रिकामा करून ठेवला होता. पण नवरा म्हणाला, "सर्फस्केट घ्यायचा विचार चाललाय." आमच्याकडे विचार चाललाय याचा अर्थ एक्सेल शीट तयार आहे आणि त्यात किमान नऊ रकाने आहेत, असा असतो.

आम्ही लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला राहतो. समुद्र जवळ आहे. किनाऱ्याच्या वाळूतून विल रॉजर्स बीचपासून टॉरन्सपर्यंत २२ मैलांची सिमेंटची वाट गेलेली आहे. तिच्यावर सायकली, बाबागाड्या, कुत्र्याला ओढणारी माणसं आणि माणसांना ओढणारी कुत्री, असं सगळं दिवसभर वाहत असतं. त्या गर्दीतून एखादा साठीचा गृहस्थ उघड्या अंगाने, हात पसरून, जमिनीला पाय न लावता डावीकडे-उजवीकडे झुलत निघून जातो. त्याच्या चेहऱ्यावर गृहकर्ज फिटल्याचं समाधान असतं. नवऱ्याने अशाच कोणाला तरी पाहिलं असणार.

सर्फस्केट दिसायला साध्या स्केटबोर्डासारखाच. फरक पुढच्या ट्रकमध्ये. ट्रक म्हणजे फळीखालचा धातूचा सांगाडा, ज्याला चाकं लावलेली असतात. साध्या बोर्डावर तो जेमतेम कलतो. सर्फस्केटचा पुढचा ट्रक चक्क झुलतो, आणि मागचा आपला जागच्या जागी घट्ट राहतो. त्यामुळे गुडघे वाकवून आधी मान, मग खांदे, मग कंबर वळवली की बोर्डाचं नाक त्या दिशेला जातं. हेच लयीत उलटसुलट करत राहिलं तर पाय न मारता वेग येतो. याला पंपिंग म्हणतात. लाटेवर सर्फर जे करतात तेच हे, कोरड्या जमिनीवर. म्हणजे ही वस्तू मुळात सर्फरसाठी आहे, समुद्र सपाट असेल त्या दिवसासाठी. आमच्या घरात सर्फर नाही. नवरा पुण्याला टिळक टँकवर पोहायला शिकला. पॅसिफिकमध्ये तो गुडघ्याएवढ्या पाण्यात जातो आणि "गार आहे" ही बातमी घेऊन परत येतो.

पण कोणतीही वस्तू घ्यायची तर तिचा इतिहास माहीत हवा, हे त्याचं तत्त्व. प्रेशर कुकर घेतानाही आम्हाला वाफेच्या इंजिनापासून सुरुवात करावी लागली होती. सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या आहेत, त्यामुळे यंदा श्रोतृवर्गही वाढलेला. जेवताना व्याख्यान सुरू झालं. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी रोलर स्केटची चाकं फळकुटांना ठोकली आणि फुटपाथवरच सर्फिंग सुरू केलं. चाकं आधी लोखंडी, मग क्लेची, टणक आणि ठिसूळ. खाली वाटाण्याएवढा खडा आला की चाक तिथेच थांबायचं आणि पोरगं एकटंच पुढे जायचं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी नावाच्या माणसाने पॉलियुरेथेनची मऊ चाकं आणली, नाव ठेवलं कॅडिलॅक. खडा आला तर चाक स्वतः किंचित दबतं आणि पुढे जातं. या सगळ्या धंद्यात खरा शोध मला विचाराल तर हा एकच. बाकीची नुसती रंगरंगोटी.

मग सांता मोनिका आणि व्हेनिसच्या सीमेवरचं डॉगटाउन आलं. तिथल्या झेफिर दुकानाची पोरं, म्हणजे झी-बॉइज, सकाळी मोडक्या धक्क्याच्या खांबांमधून सर्फिंग करायची. पुढे वारा सुटून लाटा विस्कटल्या की उरलेला दिवस डांबरावर. १९७५ साली डेल मारच्या स्पर्धेत बाकीचे स्पर्धक ताठ उभे राहून कसरती करत होते, तिथे ही पोरं लॅरी बर्टलमन या हवाईच्या सर्फरसारखी पार खाली बसून, एक हात जमिनीला टेकवून वळणं घ्यायला लागली. टोनी अल्वा, जे ॲडम्स, स्टेसी पेराल्टा, आणि मुलींमधली एकटी पेगी ओकी. मग दुष्काळ पडला. लोकांनी बंगल्यांमधले पोहण्याचे तलाव रिकामे ठेवले. ही पोरं भिंतीवरून उड्या मारून त्यांत उतरली आणि तलावाच्या गोलाईवर बोर्ड चालवायला लागली.

"लोकांच्या बंगल्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"न विचारता?"

"हो आई, तोच तर इतिहास आहे."

"आणि यांचे आईबाप कुठे होते?"

इतिहासाकडे याचं उत्तर नव्हतं. त्यामुळे तो एकदम १९९६ मध्ये, व्हेनिसलाच पोचला. तिथे ग्रेग फॉक आणि नील कार्व्हर या दोघांना सर्फबोर्डासारखा वळणारा स्केटबोर्ड हवा होता. बाजारात मिळेना, तेव्हा त्यांनी झुलणारा ट्रक स्वतःच बनवला. त्यातून कार्व्हर कंपनी उभी राहिली. सासूबाईंना ही मुलं जरा बरी वाटली. निदान भिंतीवरून उड्या तरी मारत नव्हती.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. कार्व्हर घे आणि मोकळा हो, असं मी म्हणाले, आणि तिथेच फसले. कारण कार्व्हरचे ट्रकच मुळात निरनिराळे. सी-सेव्हन नावाच्या ट्रकमध्ये झुलणारा दांडा आणि आत स्प्रिंग. तो सैल, उंच, वजनदार आणि लाटेच्या अगदी जवळचा. सीएक्समध्ये स्प्रिंगची भानगड नाही. तो हलका, आटोपशीर, वेगात जरा जास्त भरवशाचा. मग स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरची याव. तिचे स्प्रिंगवाले ट्रक आणखी मोकळे. मग ऑस्ट्रेलियाची स्मूथस्टार. मग वॉटरबोर्न, जिचा तुकडा आपल्याच जुन्या बोर्डाच्या फळी आणि ट्रकच्या मध्ये बसवता येतो. हा पर्याय सर्वांत स्वस्त, म्हणून मी त्याच्या बाजूने बोलले. पण त्यासाठी आधी जुना बोर्ड लागतो. नवरा तोही घ्यायला तयार होता.

प्रत्येक ट्रकबद्दल जाणकारांची मतं असतात आणि ती नवरा मोठ्याने वाचून दाखवतो. एक म्हणतो, सीएक्स म्हणजे सर्फस्केटच नव्हे. दुसरा म्हणतो, सी-सेव्हन म्हणजे ज्यांना स्केटिंग येत नाही त्यांचे लाड करणारं खेळणं. या लोकांचा आवेश पाहून मला सदाशिव पेठेत मिसळीवरून बोलणं बंद झालेले दोन काका आठवले. ते निदान रोज मिसळ खात तरी होते.

खरं म्हणजे पहिला प्रश्न ट्रकचा नाहीच. पहिला प्रश्न, जायचंय कुठे? या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत जायचं असेल तर लांब, स्थिर लाँगबोर्ड किंवा साधा क्रूझर पुरतो. सर्फस्केटवर सरळ मैलभर जाणं म्हणजे पोटऱ्यांना शिक्षा. तो आहे एकाच पटांगणात गिरक्या घेत राहण्यासाठी. उताराला तर त्याचं नावच काढू नये. वेग वाढला की झुलणारा ट्रक थरथरायला लागतो आणि मग निर्णय आपल्या हातात राहत नाहीत. नवऱ्याला दोन्ही हवं होतं, वळणंही आणि वाटही. हे दोन्ही देणारी वस्तू दोन्हीत थोडी थोडी कमी पडते. हे त्याला लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर मी सांगायला नको होतं.

दुसरा प्रश्न व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ट्रकमधल्या अंतराचा. दुकानदार बोर्डाची लांबी सांगतात, पण अंगाला बसतो तो व्हीलबेस. बुटक्याला तोकडा आणि ताडमाडाला लांब, असा साधा हिशोब. तोकड्या व्हीलबेसचा बोर्ड जागच्या जागी गर्रकन वळतो, लांबाचं वळण ऐसपैस, पण उभं राहायला निवांत. यासाठी पायांमधलं अंतर मोजायचं ठरलं. दिवाणखान्यात गालिच्यावर नवरा गुडघे वाकवून, हात पसरून, टीव्हीकडे खांदा करून उभा. मी शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन त्याच्या पायाशी. चिरंजीव दारात उभे राहून फोनवर हे सगळं टिपून घेत होते.

"श्वास रोखू नकोस," मी म्हणाले, "कंबर मोजत नाहीये."

आकडा निघाला, पण नवा पेच पडला. कोणता पाय पुढे? डावा पुढे तो रेग्युलर, उजवा पुढे तो गूफी. हे ठरवायची एक जुनी युक्ती आहे. माणसाला बेसावध असताना मागून धक्का द्यायचा आणि सावरायला तो कोणता पाय पुढे टाकतो ते बघायचं. नवऱ्याने ही युक्ती स्वतःच वाचून दाखवली. सासूबाई ऐकत होत्या. संध्याकाळी तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला वाकला आणि त्यांनी त्याच्या पाठीत असा काही धक्का दिला की पेला थेट सिंकमध्ये. उजवा पाय पुढे. "गूफी!" चिरंजीव ओरडले. सासूबाईंनी मग पडताळणीसाठी घरातल्या सगळ्यांनाच एकेक धक्का दिला. माझा डावा निघाला. पुढचे चार दिवस आम्ही भिंतीला पाठ लावून चालत होतो.

मग चाकं. त्यांचा मऊपणा आकड्यात मोजतात, पुढे ए लावतात. चौकातल्या कठड्यांवरून उड्या मारणाऱ्या पोरांची चाकं छोटी आणि कडक, बावन्न-चोपन्न मिलीमीटरची आणि ९९एच्या आसपास. सर्फस्केटची चाकं पासष्ट-सत्तर मिलीमीटरची आणि ७८एच्या जवळपास मऊ. रस्त्याला धरून राहतात, वळताना घसरत नाहीत, बारीक खडे गिळतात. बेअरिंग मात्र सगळ्यांचं तेच, ६०८ नावाचं, बाहेरून २२ मिलीमीटरचं. त्यावर छापलेला एबेकचा आकडा मोठा तितकं भारी, असं समजून लोक पैसे मोजतात. तो आकडा कारखान्यातल्या प्रचंड वेगाने फिरणाऱ्या यंत्रांसाठी आहे. ताशी दहा मैलांनी जाणाऱ्या गृहस्थाला त्याचा काय उपयोग? किनाऱ्याच्या वाटेवर बेअरिंगचा खरा शत्रू वाळू. ती आत शिरली की एबेक कितीही असो, चाक जात्यासारखं दळायला लागतं.

एवढी तयारी झाल्यावर आम्ही दुकानात गेलो. सासूबाईसुद्धा आल्या, कारण खरेदी ही खरेदी असते. भिंतभर फळ्या टांगलेल्या. त्यांवर सूर्यास्त, नारळाची झाडं, लाटा आणि पुन्हा सूर्यास्त. काउंटरला विशीतला मुलगा, उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने केसांचा रंग उडालेला. त्याने एकच प्रश्न विचारला, "सर्फिंग करता का?"

"सध्या नाही," नवरा म्हणाला.

त्या सध्यावर मी आणि सासूबाई दोघींनीही दुसरीकडे पाहिलं.

मग नवऱ्याने त्या मुलाला पॉलियुरेथेनबद्दल माहिती दिली. मुलाने ती शांतपणे ऐकून घेतली. त्याच्याकडे रोज असे येत असावेत. शेवटी त्याने भिंतीवरून एक सी-सेव्हन काढला आणि म्हणाला, चला बाहेर. पार्किंगमध्ये नवरा त्यावर चढला. म्हणजे एक पाय ठेवला. बोर्डाचं नाक लगेच डावीकडे वळलं, जणू कोणी हाक मारली होती. त्याने दुसरा पाय ठेवला तेव्हा एक हात माझ्या खांद्यावर होता, दुसरा त्या मुलाच्या, आणि वजन बहुतेक माझ्याकडे. "गुडघे वाकवा," मुलगा म्हणाला. वाकवले. "अजून." अजून वाकवल्यावर जो आवाज आला तो ट्रकचा नव्हता.

मुलाने मग सीएक्स आणला. हा इतका उतावळा नाही. नवरा स्वतःच्या पायावर उभा राहिला, दोन-तीन फूट गेलासुद्धा. मुलाचं म्हणणं सरळ होतं. शिकताना जरा स्थिर ट्रक घ्या, व्हीलबेस उंचीला साजेसा घ्या, आणि चित्र आवडेल ते घ्या. सगळ्या रकान्यांचा निकाल त्याने तीन वाक्यांत लावला. पाच फूट एक इंचाला कोणता चालेल, असं मी विचारून घेतलं. उगाच, माहिती म्हणून.

एवढ्यात सासूबाईंनी भिंतीवरच्या एका बोर्डाचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं, दोन-तीन ठिकाणी, मार्केट यार्डात हापूस बघतात तसं. "कच्चं आहे," त्या म्हणाल्या. नवऱ्याने चाकावरचा आकडा वाचला. बाकी सगळी ७८ होती, हे एकच ८१ होतं. तो बराच वेळ आईच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

किंमत मात्र अडीचशे डॉलरच्या पुढे. सासूबाईंनी मनात त्याचे रुपये केले आणि बाहेर जाऊन बसल्या. म्हणून वापरलेल्या बोर्डांच्या जाहिराती बघायचं ठरलं. माझ्या मते कोणताही छंद लावून घेण्याआधी त्या छंदाचं वापरलेलं सामान विकणाऱ्यांच्या जाहिराती सक्तीने वाचायला लावल्या पाहिजेत. दोनदाच वापरला. एकदाच वापरला. जवळजवळ नवा. मुलासाठी घेतला होता, या वाक्यातला मुलगा बहुधा पंचेचाळीस वर्षांचा असतो. एका जाहिरातीत बोर्डाच्या फोटोत कोपऱ्यात कुबडीचं टोक दिसत होतं. नवऱ्याला या सगळ्यात संधी दिसली.

घेताना बघायचं काय, ते मात्र तो नीट शिकला होता. चाकांच्या कडेवर कंपनीचं नाव छापलेलं असतं. बोर्ड खरोखर फिरवला तर ते थोड्याच दिवसांत झिजून जातं. फळीवर काळा खरखरीत ग्रिप टेप असतो. तो पुढच्या पायाखाली आधी गुळगुळीत होतो आणि बुटाचा मळ धरतो. शेपटीची कड जमिनीला घासून खरचटते. नाव ठळक, टेप कोरा, शेपूट शाबूत, म्हणजे विकणारा खरं बोलतोय आणि पडलाही लवकरच आहे.

मॅनहॅटन बीचला अशा एका घरी आम्ही गेलो. गृहस्थांनी गराजचं दार उघडलं. आत कयाक, पॅडलबोर्ड, तिरंदाजीचं धनुष्य आणि घरी बिअर काढायचं स्टीलचं पिंप. या सगळ्यांच्या पुढे सीएक्सवाला बोर्ड, साडेएकतीस इंची, चाकांवरचं नाव अगदी काल छापल्यासारखं. दोघे पुरुष वाकून ट्रक हलवत, मान डोलवत उभे राहिले. विकणारा घेणाऱ्याला समजावून सांगत होता की अडचण फक्त वेळेची होती. घराच्या दारात त्यांच्या सौभाग्यवती उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग त्या आत गेल्या आणि हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, मनगटाचे गार्ड असं सगळं पिशवीत घालून घेऊन आल्या. "हेही घ्या," त्या म्हणाल्या, "याचे पैसे नकोत."

कॅलिफोर्नियात १८ वर्षांखालच्यांना स्केटबोर्डावर हेल्मेट सक्तीचं आहे. म्हणजे चिरंजीवांना कायदा, बापाला मोकळीक. ही मोकळीक मी घरात रद्द केली. मनगटाच्या गार्डवर तर मी अडूनच बसले. माणूस पडताना हात आधी पुढे करतो आणि पंजा मागे मुडपतो. मग कीबोर्डावर पोट भरणाऱ्या माणसाने आठ आठवडे काय करायचं? पडूच नये, असं सासूबाईंचं म्हणणं होतं.

शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी नवरा उभा राहिला. एवढे पॅड की तो बोर्डावर कमी आणि बंदोबस्तावर जास्त वाटत होता. पहिल्या काही फेऱ्यांचं वर्णन मी करणार नाही, ते चिरंजीवांच्या फोनमध्ये आहे. पण मग काहीतरी झालं. तो पायांकडे बघायचा थांबला आणि जिकडे जायचं तिकडे बघायला लागला. मान वळली, खांदा वळला, कंबर मागाहून आली आणि बोर्ड त्यांच्या पाठोपाठ निमूटपणे गेला. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. पाय खाली न लावता तो दिव्याच्या दोन खांबांमधलं अंतर पार करून गेला. शीटमधल्या एकाही रकान्यात हे नव्हतं. तो वळून परत आला तेव्हा त्याला श्वास पुरत नव्हता, पण बोलायचं होतं. म्हणाला, ट्रक थोडा आखडल्यासारखा वाटतो, स्प्रिंगवाला घ्यायला हवा होता.

मग तो पाणी प्यायला गाडीकडे गेला. बोर्ड माझ्या पुढ्यात. मी इकडे-तिकडे पाहिलं. चिरंजीव फोनमध्ये मान घालून बसलेले. गार्ड काढून ठेवले होते ते मनगटांवर चढवले, सैल होते, पट्टे ओढून घेतले. हेल्मेट घातलं. ओढणी कमरेला खोचली. डावा पाय पुढे ठेवला, मग उजवा. नाक जरा हललं आणि थांबलं. गुडघे वाकवले. मागे बाकावरून कोणीतरी उठल्याची चाहूल लागली.

"आई," मी न वळताच म्हणाले, "धक्का नको हं."